तात्यांचा बगळा

तात्यांना रिकामी जागा बघवत नसे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं, की आम्ही पळसदेवकर मोटारी आणि पाइप घेऊन पाण्यामागं धावतो. तात्या पाटी घेऊन दगड वेचायला निघत. एसटीतली ड्रायव्हरकी संपवून गावी आलेले माझे हे चुलते भर उन्हात बसून गोटे, शिंपले आणि बाभळीच्या काटक्यांचे मासे, कासवं मांडत. धरण भरलं, की सगळं पाण्याखाली. त्याचं त्यांना काडीचं दुःख नसे.

उसाचं पाचट मात्र माझ्या रानातलं न्यायचे, तेही न विचारता. "तात्या, ह्याचा उपेग काय?" असं मी चिडून विचारलं, की म्हणत, "उपेगाचं तू कर की. मी कुठं आडवा येतोय?"

एका वर्षी आलेच आडवे. आमच्या काठाला सगळा गाळ, त्यात मोटार रुतते. पाण्यापर्यंत जाणारी मुरमाची कडक, अरुंद पट्टी एकच. गाळात दगड उभे राहत नाहीत म्हणून तात्यांनी नेमका त्या पट्टीवर पुरुषभर उंचीचा बगळा रचला. पंखांना पाचट अर्थात माझंच.

"तात्या, ऊस वाळाय लागलाय. पाइप न्यायचाय मला!"

"काढतो की उद्या."

घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आमच्याकडं पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, त्यामुळं काठावरच्या उभ्या दगडाला लोक आधी हात जोडतात, चौकशी मागाहून. बघता बघता बगळ्याला शेंदूर लागला, नारळ फुटले. पाइप राहिला बाजूलाच.

"देव न्हाय त्यो, बगळा हाय! मी केलाय!" तात्या घसा फोडून सांगत होते.

"तुमच्या हातनं त्यानंच करून घ्येतला, तात्या," शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी मधला मार्ग काढला. गुरवाला बोलावू, पूजा घालू आणि देव मानानं बाजूला बसवू. गावही तयार झालं. तात्या उसळले, "म्हंजे मी बी त्येला देवच म्हनायचं? न्हाय जमायचं." मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर गेलो, तर हे एकटेच बगळा उतरवत होते आणि भोवती माणसं शिव्याशाप देत उभी. शेवटचा गोटा खाली ठेवून मला म्हणाले, "ने तुझा पाइप."

ऊस वाचला. तात्यांशी मात्र गाव बोलेना, कुणी जेवायला बोलवेना. शेवटी मुलगी त्यांना बारामतीला घेऊन गेली. एका पूजेनं भागलं असतं! आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

परवा त्यांचा फोन आला. "अपार्टमेंटच्या अंगनात गुलमोहराच्या पाकळ्यांचा मोर मांडलाय. बघाय ये. पर लवकर ये, सकाळी झाडनारी बाई येती."

गावात होते तेव्हा मी त्यांचं काही मुद्दाम बघायला गेलो नव्हतो. आता हातातली कामं टाकून पहिल्या एसटीनं निघालो. पोचलो, तर अंगण लख्ख झाडलेलं. तात्या पायरीवर खुशीत चहा पीत होते.

"आत्ताच गेला बघ," म्हणाले. "बस, चा घे."

मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.