पूजेला लागलेले चित्र

कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा त्या काळी व्यवसाय होता आणि माझ्या हातचा अर्ज साहेबांच्या टेबलावरून सहसा बाजूला पडत नाही, असा माझा लौकिक होता. शाळा मी मराठी पाचवीनंतर सोडली. परंतु भाषा ही शाळेत मिळत नसून नित्य व्यवहारात घासून तयार करावी लागते, हे माझे मत तेव्हाही होते व आजही आहे. जमिनीची वाटणी, पेन्शन, नळाची तोटी, रेशनकार्ड अशा नाना विषयांवर मी लिहिले. चित्राविषयी मात्र आयुष्यात एकदाच लिहिले, आणि तेवढ्या एका प्रकरणाचा मला अद्यापि विसर पडलेला नाही.

सोलापुरात तळ्याच्या मधोमध देवाचे बेट आहे. गावातील कलावंतांना या बेटाने पिढ्यानपिढ्या काम पुरविले. जत्रेत काचेच्या पाठीमागून रंगविलेली बेटाची चित्रे विकली जात आणि ती खेड्याखेड्यांतून देव्हाऱ्यांत जाऊन बसत. एका तेलुगू विणकराने मागावर बेट विणून काढले होते. त्यात देवळाची पाण्यातील सावलीसुद्धा धाग्यांत उतरली होती. अशा वस्तू जमवून काही प्रतिष्ठित मंडळींच्या समितीने वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक चित्रदालन केले होते. तेथे मी वेळ मिळेल तेव्हा जात असे. तेथे जाणारी माणसे गावात फार नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्या दालनात समोरच्या भिंतीवर एक मोठे तैलचित्र होते. तळे काठोकाठ भरलेले, त्यात बेट, आणि पायऱ्यांवर सकाळचे ऊन. ते काढणारा गृहस्थ दुकानांच्या पाट्या व सिनेमाचे बोर्ड रंगवीत असे आणि सर्वजण त्याला पेंटर एवढेच म्हणत. सिनेमा उतरला की बोर्डावर पांढरा रंग फिरवून त्यावरच पुढचा सिनेमा काढावयाचा, असे त्याचे काम. दुकान विकले गेले की पाटीही पुसली जाई. साऱ्या हयातीत त्याने जे रंगविले, त्यातील एवढे एकच टिकले होते. ते त्याने समितीला देणगी म्हणून दिले होते. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि दुसरे चित्र त्याच्या हातून होणे नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळात तळे आटले. तळाला भेगा पडल्या आणि माणसे चपला घालून थेट बेटापर्यंत चालत जाऊ लागली. त्याच सुमारास वाचनालयाच्या खालच्या दालनात दुष्काळी कामाची कार्डे देण्याची व्यवस्था झाली. रांगेतल्या बाया सावलीसाठी जिना चढून वर जाऊ लागल्या आणि तेथे त्यांना भरलेले तळे दिसले. कोणीतरी प्रथम एक फूल ठेवले असावे. पुढे हळद-कुंकू आले, उदबत्ती आली, तेलाचा दिवा आला. पाणी येऊ दे म्हणून बाया तांब्यातले चार थेंब चित्रातल्या तळ्यावर शिंपडू लागल्या. ज्या दिवसांत घागरभर पाण्यासाठी भांडणे होत, त्या दिवसांत घरून आणलेले ते पाणी होते.

पेंटर माझ्या सतरंजीवर येऊन बसला तो दिवस मला आठवतो. त्याने आधी पिशवीतून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, ‘‘रायटरसाहेब, एक अर्ज लिवायचा हाय. माज्या चित्राची पूजा बंद करा म्हणून.’’

असा अर्ज माझ्याकडे पूर्वी कधी आला नव्हता. प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज लिहिणे हे माझ्या पद्धतीत बसत नसल्याने मी त्याच्याबरोबर दालनात गेलो. चित्राचा खालचा भाग, म्हणजे पायऱ्या आणि अलीकडचे पाणी, कुंकू व तेल बसून काळपट लाल झाला होता. ओलीने कॅनव्हास फुगला होता आणि रंगाचे पापुद्रे सुटत होते. पेंटर डोळे अगदी जवळ नेऊन एकेक पापुद्रा बघत होता.

विडीच्या कारखान्यात काम करणारी एक पोक्त बाई तेथे वात लावीत होती. पेंटरने तिला हात जोडून सांगितले की बाई, हे मी काढलेले आहे, यावर पाणी मारू नका. तिने त्याच्याकडे वळून पाहिले. आवाजात राग मुळीच नव्हता.

‘‘अण्णा, तुमी काढलं म्हणून काय झालं? मूर्तीपण पाथरवटच घडवतो की. तो कुटं म्हणतो, माज्या दगडाला पाणी घालू नका?’’

‘‘त्याला कुणी इचारलंय का?’’ पेंटर म्हणाला.

रांगेतल्या बाया हसल्या. एक म्हणाली, पेंटरमामाला देवळातला पुजारी करा, म्हणजे दक्षिणा मिळंल आणि तक्रार जाईल. त्या हसण्यात पेंटरही ओढला गेला, पण लगेच त्याने मान खाली घातली.

पूजा बंद करा असे लिहिणे त्या वर्षी शहाणपणाचे नव्हते. म्हणून मी अर्जात निराळी मांडणी केली. भाविकांच्या भावनांचा यथोचित आदर राखून, सदर चित्र उंच जागी लावावे व त्याच्या ऐवजी पूजेसाठी देवाची छापील तसबीर ठेवावी, असे मी सुचविले. अर्ज दोन पानी झाला. तो समितीच्या सभेत मोठ्याने वाचण्यात आला, असे मला तेथील शिपायाने सांगितले. सभासदांनी भाषेची वाखाणणी केली आणि विषय पुढे ढकलला. समितीचे चिटणीस, जे वकील होते, त्यांनी पेंटरला बोलावून सांगितले की लोक मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, भाकरीवर दिवस काढीत आहेत, अशा वेळी त्यांच्या श्रद्धेला हात लावावयाचा नसतो, आणि एवढ्या माणसांनी हात जोडावे असे भाग्य कोणत्या चित्रकाराला मिळते. 

छापील तसबीर मी स्वखर्चाने आणून ठेवली होती. बायांनी तिलाही कुंकू लावले आणि मग चित्राला लावले.

पुढल्या वर्षी पाऊस झाला. तळे भरले, कार्डांची रांग गेली, आणि आठ-पंधरा दिवसांत दालनात चिटपाखरू येईना. बायांना आता खरे तळे होते. चित्रावर शेवटचे फूल कित्येक दिवस चिकटून होते, ते वाळून आपोआप गळाले. बेट अर्धे ओळखू येत होते. पाण्याच्या जागी तेलकट करडा थर होता. पेंटर रोज जाऊन ओल्या बोळ्याने कडेकडेने पुसून पाही. पुसण्याने रंगच सुटतो हे कळल्यावर त्याने तेही सोडले.

समितीपुढे तेव्हा निराळाच प्रश्न आला. पाहुणे येतात, त्यांना हे दाखविता येत नाही. अडगळीत टाकावे तर ज्याला इतक्या लोकांनी पुजले, ते अडगळीत टाकता येत नाही. सभासदांपैकी एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने तोड सांगितली. भंगलेली मूर्ती जशी पाण्यात सोडतात, तसे हेही सोडावे, आणि सोमवारी सोडावे. ही तोड सर्वांना पटली.

पेंटर पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी तो घाईत होता. ‘‘कसं बी असू द्या, मला परत द्या म्हणावं. भिंतीकडं तोंड करून ठिवतो.’’

दिलेली देणगी परत मागता येत नाही, हे सर्वसामान्य तत्त्व मला ठाऊक होते. परंतु जी वस्तू नष्ट करण्याचे देणगी घेणाऱ्यानेच ठरविले, ती मूळ मालकाने मागितल्यास हरकत कोणती, असा मुद्दा मला सुचला आणि तो बिनतोड होता. आजही मी तसेच म्हणतो. मी जातीने जाऊन चिटणीसांना भेटलो. त्यांनी अर्ज वाचून चष्मा काढला आणि म्हणाले की मुद्दा रास्त आहे, पेंटरच्या घरचे तयार असतील तर घेऊन जावे.

ही बातमी द्यावयास मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको चुलीपुढे भाकरी थापीत होती. तिने सगळे ऐकून घेतले, तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न पाहताच बोलली.

‘‘भंगलेला देव घरात न्हाय घेणार. सून पोटुशी हाय.’’

पेंटर म्हणाला, देव नाही, चित्र आहे. मी काढले तेव्हा तूच वाटीत रंग कालवून देत होतीस.

‘‘व्हय, दिले की. तवा चित्र व्हतं. आता बायांनी त्याच्याम्होरं पदर पसरलाय. त्यातल्या एकीची बी तळतळ लागली तर?’’ आणि किंचित थांबून ती म्हणाली, ‘‘मीबी गेले व्हते फूल घेऊन. तुमाला सांगितलं न्हाय.’’

 पेंटरने माझ्या हातातला मंजूर झालेला अर्ज घेतला, उलटसुलट केला, आणि परत माझ्या हाती दिला. अनेक अर्ज मी नामंजूर होताना पाहिले. मंजूर होऊन असा माघारी आलेला तेवढा एकच.

सोमवारी सकाळी काठावर समितीचे दोघे, एक पुजारी, शिपाई, पेंटर आणि मी एवढेच होतो. नारळ फोडला. होडीवाल्याने चित्र आडवे धरून आत नेले आणि पाण्यावर सोडले. ते बुडाले नाही. बांबूने दाबले की एक बाजू खाली जाई आणि दुसरी वर येई. काठावर धुणे धुणाऱ्या बाया थांबून पाहू लागल्या. होडीवाला कंटाळून दगड आणावयास परतला. समितीच्या दोघांनी घड्याळाकडे पाहिले व ते निघून गेले.

पेंटरने मला विचारले, ‘‘गेलं का?’’

मी म्हटले, नाही, तरंगते आहे.

‘‘तरंगणारच. सागवानी चौकट हाय. मीच ठोकली व्हती,’’ तो म्हणाला. ‘‘रंगाची बाजू वर हाय का खाली?’’

मी सांगितले, खाली. त्याने मान हलविली.

कचेरी उघडण्याची वेळ झाली होती आणि माझ्या सतरंजीपाशी माणसे येऊन बसली असणार, म्हणून मी निघालो. होडीवाला दगडाला तार बांधीत होता. पेंटर पायरीवर उभा राहिला. त्याला त्या अंतरावरचे काहीही दिसत नव्हते, तरी तो तिकडेच तोंड करून उभा होता.