कार्डावरचं चित्र

तिला हात आवरता येत नाही, एवढा एक दोष सोडला तर बाई अगदी शहाणी. चित्र पूर्ण झालं, सही झाली, चार जणांनी वा वा केली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हिचे हात शिवशिवायला लागतात. इथे जरा सावली द्यावी, तिथला तो लाल जरा कमी करावा. जरा जरा म्हणता म्हणता सबंध चित्राचा चेहरामोहरा बदलतो. एका गिऱ्हाइकाने पसंत करून ठेवलेल्या चित्रात होडी होती. तो न्यायला येईपर्यंत तिचा खडक झाला होता. बिचारा सज्जन माणूस, खडक घेऊन गेला.

गल्लीत तिला चित्रवाल्या काकू म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला अहोकाका. तिने उभ्या जन्मात त्यांना 'अहो'शिवाय हाक मारली नाही, म्हणून फ्रेमवाल्याने थट्टेत हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता कुरियरवालासुद्धा दारातून "अहोकाका आहेत का?" असंच विचारतो. काका माल-वाहतुकीच्या कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची खोकी न फुटता इकडून तिकडे पोचवली, आता बायकोची चित्रं पोचवतात. दोघांनी कामाची वाटणी करून घेतली आहे: ब्रश तिचा, बाकी सगळं त्यांचं.

बाकी सगळं म्हणजे किती, ते ज्याने कधी प्रदर्शन भरवलं नाही त्याला नाही कळायचं. लोकांना वाटतं चित्रकार म्हणजे खिडकीशी उभं राहून उसासे टाकायचे. अहो, कसले उसासे! गॅलरीची तारीख मिळवायची, फ्रेमवाल्याच्या मागे लागायचं, प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यांना पुठ्ठा बांधायचा, मागे चिठ्ठी लावायची, आमंत्रणाचं कार्ड छापून घ्यायचं, वाचनालयात आणि बँकेत हातापाया पडून पोस्टर चिकटवायचं. आणि मग फोन. फोन करावेत तर अहोकाकांनीच. प्रदर्शनाला या असं ते कधीच म्हणत नाहीत. आधी समोरच्याचा गुडघा कसा आहे ते विचारतात, मग मुलीचं बाळंतपण, मग हवा, आणि शेवटी फोन ठेवता ठेवता म्हणतात, "हिचं प्रदर्शन आहे, पण जिने आहेत हो, तुमच्या गुडघ्याला नको." असा माणूस न येऊन सांगतो कोणाला!

एकूण संसार सुखाचा होता. फक्त एक सल तिच्या मनात होता. इतक्या वर्षांत अहोकाकांनी तिच्या चित्राबद्दल 'छान आहे' यापलीकडे चकार शब्द काढला नव्हता. नवी चप्पल आणली तरी छान आहे, महिनाभर राबून चित्र काढलं तरी छान आहे. एकदा चिडून तिने मुद्दाम पाच पायांची गाय काढली आणि त्यांना बोलावलं. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे." त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. आपल्या माणसाला आपल्या कामातलं काही म्हणजे काही दिसत नाही, असं तिने ठरवून टाकलं. बाहेरच्या लोकांनी कितीही कौतुक केलं तरी ही एक जागा रिकामी राहायची, आणि ते तिला फार लागायचं.

या वेळी मोठी गॅलरी मिळाली होती. कित्येक वर्षं अर्ज करून करून मिळालेली. आत शिरल्या शिरल्या समोर एक उंच, पांढरी, एकटी भिंत. ती भिंत बघूनच बाईची पाचावर धारण बसली. कार्डावर कुठलं चित्र छापायचं, असं काकांनी विचारलं तेव्हा ती रंगात कोपरापर्यंत बुडालेली होती. ती वैतागून म्हणाली, "तुम्हीच निवडा काय ते! मला काही विचारू नका."

पुढे दोनेक दिवस ती बहिणीकडे गेली, बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. ती चित्रं काढायची त्या मागच्या खोलीत काका कधी बोलावल्याशिवाय जात नसत. त्या दिवशी गेले. मनासारखं एक चित्र निवडलं, खिडकीच्या उजेडात फोटो काढला आणि थेट छापखाना गाठला.

ती परत आली तेव्हा चित्र टेकवायच्या लाकडी घोड्यावर तेच चित्र होतं: स्वयंपाकघरातलं टेबल. जेवणं झालेली, टेबल अर्धंच पुसलेलं, फडकं तसंच पडलेलं, दोन पेले आणि मेणकापडावर उतरतं ऊन. मोठ्या कॅनव्हासवर एका बैठकीत, काही न ठरवता काढलेलं. तिने ते पाहिलं आणि तिला ती उंच भिंत आठवली. शी, किती घरगुती! लोक म्हणतील, काकूंनी खरकट्याचं चित्र काढलंय. तिने मोठा ब्रश घेतला, निळा रंग कालवला आणि संध्याकाळपर्यंत टेबलाच्या जागी अथांग पाणी पसरलं. ॲक्रिलिक रंग तो, वाळला की वाळला. खालचं परत मिळायची सोय नाही. पुढच्याच दिवशी फ्रेमवाला येऊन ते घेऊनसुद्धा गेला.

मग कार्डांचा गठ्ठा आला. अहोकाकांनी स्वतः दोरी सोडली आणि एक कार्ड तिच्या हातात ठेवलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

"कसं आलंय?" त्यांनी विचारलं.

कार्डावर ते अर्धं पुसलेलं टेबल होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"छापखान्यातूनच निम्मी पोस्टात टाकून आलो," ते म्हणाले. "उगाच उशीर नको. पोस्टरवर पण हेच घेतलंय."

"बरं केलंत," ती कसंबसं म्हणाली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. या माणसाने जन्मात पहिल्यांदा, स्वतःच्या मनाने, आपलं एक चित्र निवडलं होतं. आणि नेमकं तेच आपण पुसलं होतं! कपाळावर हात मारून घ्यायचीसुद्धा ताकद तिच्यात उरली नाही.

गॅलरीवालीला तिने चोरून फोन केला. ती बाई सरळ बोलणारी. म्हणाली, "काकू, कार्डावरचं चित्र समोरच्या भिंतीवर लागतंच. लोक दारात उभे राहून आधी तेच शोधतात. नाही दिसलं तर वाटतं, फसवलं."

मग काय, कार्ड समोर ठेवून बाईसाहेब स्वतःचीच नक्कल करायला बसल्या. पहिल्यांदा पेले बरे आले तर ऊन मेलं. दुसऱ्यांदा ऊन आलं, पण टेबल दुकानात मांडल्यासारखं दिसायला लागलं. तिसऱ्यांदा सगळं कार्डाबरहुकूम आलं आणि तरी बघवेना. त्या दिवशी हात आपोआप चालला होता, आता प्रत्येक रेघ भीत भीत पडत होती. जेवताना ती अर्धं ताट टाकून उठायची. काका विचारायचे, बरं नाही का? ती म्हणायची, कमरेत भरलंय. लपवून लपवून किती दिवस लपवणार! शेवटी एका सकाळी चहा घेताना तिने सांगून टाकलं.

"अहो, ते टेबलाचं चित्र नाही राहिलं. मी त्यावर निळं पाणी काढलं. तुम्ही तेच निवडलंय हे मला माहीत नव्हतं."

काकांनी बिस्किट बुडवलं होतं, ते कपातच विरघळलं. ते म्हणाले, "असू दे. दुसरं लावू." मग उठून कप विसळला, टेबलावर पालथा घातला आणि फ्रेमवाल्याकडे जाऊन येतो म्हणून निघून गेले. रागावले असते, चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

त्या दुपारी तिने कार्ड कपाटात टाकलं. घोडा उचलून स्वयंपाकघरात आणला आणि समोरचं टेबल जसं होतं तसं काढायला घेतलं. मेणकापड तेच, ऊन वेगळं. विसळून पालथा घातलेला कप, औषधाची बाटली, काकांचा चष्मा. या वेळी ती भिंतीचा विचार करत नव्हती. चित्र झालं आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्या दिवशी तिने त्याला हात लावला नाही. वाळल्यावर फ्रेमवाल्याने ते झाकूनच नेलं.

चित्रं लावायच्या दिवशी अहोकाका हातोडी, पातळी बघायची पट्टी आणि खिशात खिळे घेऊन हजर. गॅलरीवाली एका कोपऱ्यात दिव्यांची तोंडं फिरवत होती. बाकीच्या भिंती भरल्या. शेवटी समोरच्या भिंतीवर त्यांनी नवं टेबल चढवलं, पट्टीने पातळी पाहिली आणि चार पावलं मागे आले. ती शेजारी उभी. 'छान आहे' ऐकायची तयारी तिने करून ठेवली होती.

"हे ते नाही," काका म्हणाले.

"काय?"

"हे ते नाही. हे चांगलं आहे, मन लावून काढलंयस. पण ते काढताना कोण बघेल याकडे तुझं लक्षच नव्हतं. ते जास्त खरं होतं. मला ते फार आवडलं होतं. तू पुसलंस म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं."

ती आ वासून बघत राहिली. म्हणजे या माणसाला दिसतं! दिसतं तर दिसतं, वर बोलताही येतं!

"बाकीची?" तिने विचारलं. "बाकीची कशी आहेत?"

"सांगू? रागावशील."

"रागावेन. सांगा."

मग काय विचारता! अहोकाका हातोडी हातात घेऊन भिंतीभिंतीने निघाले आणि ती त्यांच्या मागे. या छपरांच्या चित्रात वरचा अर्धा भाग उगाच आहे, आभाळ संपता संपत नाही. ही म्हातारी सुरेख, तिचे हात तर बोलतात. हा बाजार गेल्या खेपेच्या बाजारासारखाच, फक्त छत्र्या वाढल्या. हा करडा रंग बघवत नाही.

"करड्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही!" ती उसळली. "तोच या सगळ्यात उत्तम आहे."

"असेल. मला नाही आवडत," काका शांतपणे म्हणाले आणि पुढे गेले. निळ्या पाण्यापुढे येऊन थांबले. "आणि हे. हे तू कोणाला तरी दाखवायला काढलंयस. यात तू नाहीसच. याच्यासाठी ते घालवलंस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग आला म्हणून की बरं वाटलं म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कारण अक्षर न् अक्षर खरं होतं.

"आणि ती गाय?" तिने नाक ओढत विचारलं.

"पाय मोजले होते मी."

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं नुसतं छान आहे, छान आहे! मी समजत होते, तुम्ही माझ्या चित्रांकडे खोक्यांसारखं बघता."

काकांनी हातोडी खाली ठेवली. "अगं, तू विचारायचीस तेव्हा तुझा चेहरा बघवायचा नाही. तुला उत्तर नको असायचं, धीर हवा असायचा. माझ्याकडे जेवढा होता तेवढा दिला."

गॅलरीवाली शिडीवर उभी राहून उगाचच त्याच त्या दिव्याशी खेळत राहिली. मग काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काढा ते निळं."

"फ्रेमचा खर्च झालाय," काका म्हणाले.

"काढा म्हणते ना!"

त्यांनी ते उतरवलं, खिळा उपटला, भोकाला चुना लावला. गॅलरीवालीने शेजारची दोन चित्रं थोडी सरकवून दिली. करडं मात्र होतं तिथेच राहिलं. त्यावर काकूंनी एक शब्द ऐकून घेतला नाही.

संध्याकाळी दार उघडलं. गुडघेवाले झाडून सगळे जिने चढून आले होते. माणसं दारात उभी राहायची, हातातल्या कार्डाकडे बघायची आणि मग समोरच्या भिंतीकडे. अहोकाका कोपऱ्यातल्या टेबलाशी पाण्याचे ग्लास भरत होते. एक जाड चष्म्याच्या बाई कार्ड हातात धरून थेट भिंतीजवळ गेल्या, वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"हे कार्डावरचं नव्हे," त्या म्हणाल्या. आवाज चांगलाच खणखणीत होता, आजूबाजूची माणसं वळली.

चित्रवाल्या काकू तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही. ते माझ्या हातून गेलं. आमच्या यांना ते फार आवडलं होतं, आणि मी यांना कधी खरं काय ते विचारलंच नाही."

काकांच्या हातातला ग्लास भरून वाहायला लागला आणि पाणी टेबलावरून खाली ठिबकलं तरी ते ओततच राहिले.