आत्याच्या पायऱ्यांचा कठडा

आमच्या गावाला तट आहे, वेशी आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी माना वर करून हिंडणारे पाहुणे आहेत. त्यांना गाव फार गोड वाटतं. वाटेल नाही तर काय! संध्याकाळी बसमध्ये बसून आपापल्या घरी जायचं असतं ना.

माझी आत्या इथेच जन्मली. वर तिचं घर, खाली शिवणाचं दुकान आणि मधे बाहेरच्या बाजूने दगडी पायऱ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, धरायला कठडा असेल तर चढउतार करू दे. आत्याला तेवढंच हवं होतं. "वर बसून कुजेन गं मी," म्हणायची. "मला मशीनवर बसव."

म्हणून कठड्याच्या परवानगीसाठी मी गावाचं जुनेपण राखणाऱ्या जतन समितीचे उंबरठे झिजवले. साहेब दर वेळी हसून सांगायचे, "ताई, तटाच्या आत लोखंड? गावाचं रूप जाईल." लाकडाचा म्हटलं, तरी नाहीच. आत्या पडली तरी चालेल, पायऱ्यांच्या रूपाला धक्का लागता कामा नये!

मग सिनेमावाले आले. नायिकेला ऐटीत उतरता यावं म्हणून त्यांनी आमच्याच पायऱ्यांना जुनाट दिसणारा लाकडी कठडा बसवला. समितीने मुकाट्याने परवानगी दिली. माझं डोकंच फिरलं. आत्या मात्र खूश. शूटिंग नसलं की कठडा धरून खाली यायची, मशीन चालवायची. कितीतरी महिन्यांनी मी तिला गुणगुणताना ऐकलं.

एका दुपारी ती दुकानात असतानाच सुतार कठडा काढायला लागला. मी धावले. "अहो, राहू द्या ना!"

"शूटिंग संपलं, ताई. समितीनेच सांगितलंय, आजच्या आज काढा म्हणून."

आत्या बाहेर येऊन पायऱ्यांकडे बघत राहिली. मी उचलून नेते म्हटलं, तर खेकसली, "मी काय गोणी आहे?" तेवढ्यात कॅमेरा रोखून उभा असलेला एक पाहुणा म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का?"

"होते हो," आत्या म्हणाली. पायऱ्यांकडे पाठ करून ती खाली बसली आणि हात टेकत, बसल्या बसल्याच एकेक पायरी वर सरकायला लागली. त्या माणसाने त्याचाही फोटो काढला. मी त्याला काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही.

वर पोचल्यावर ती दारातच दम खात बसली.

"दुकान कुणाला तरी देऊन टाक," म्हणाली. "शोभेच्या वस्तू विकणारा बघ. त्याचं चालेल इथे."