शब्दांच्या डोक्यावरची ओळ

पहाटेपासून आभाळ कुंद होऊन बसलं होतं, पडेना, उघडेना. बाई सातलाच वर्गाचं कुलूप काढून शिरल्या आणि चौतीस इंग्रजी पुस्तकांवर एकामागून एक खोडरबर चालवू लागल्या. निघताना सासूबाईंनी विचारलंच होतं, "परीक्षा पोरांची की तुझी?"

खरं तर दोघांचीही. आज तपासणीच्या मॅडम वाचन ऐकायला येणार होत्या. बाई इथे बदलीवर, तात्पुरत्या आलेल्या. पोरं वाचती दिसली तर वर्ग त्यांच्याकडे राहणार, नाहीतर सोमवारपासून दुसरं कुणी. हेडबाईंनी गोड बोलून पण स्वच्छ सांगितलं होतं. आणि पोरांनी काय करून ठेवलेलं? प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने आपल्या मराठी अक्षरांत उच्चार. कुणाच्या ताईने सांगितलेला, कुणाच्या मामाने. वरची ओळ धडाधड वाचायची, खालच्या इंग्रजीकडे ढुंकूनही बघायचं नाही.

पुस्तकं कोरी झाली आणि मग बाईंच्या लक्षात आलं. होता तो आधारही ऐन वेळी काढून घेतला की आपण! खिडकी लावली, परत उघडली. फळ्यावर तारीख लिहिली, वाकडी वाटली म्हणून पुसली, पुन्हा लिहिली, तीही वाकडीच.

मॅडमनी आल्या आल्या पर्समधून इंग्रजी उताऱ्याचा भलताच कागद काढला, पोरांनी कधी न पाहिलेला, आणि भिंगरीला उभं केलं. एरवी जागेवर न ठरणारी पोरगी खांबासारखी थिजली. मग हळूच म्हणाली, "बाई, वर लिहू का?"

मॅडमच्या भुवया चढल्या. नाही म्हणावं तर पोरगी मुकी, हो म्हणावं तर आपलं पितळ उघडं.

"लिही," बाई म्हणाल्या.

भिंगरी अक्षराखाली बोट ठेवून पुटपुटायची, थांबायची, लिहायची. फॉक्स. रॅन. अप. हिल. सांगायला इथे ना ताई होती ना मामा; पोरगी स्वतःच अक्षरं जुळवत होती. तेवढ्यात सुरीचा शब्द आला आणि भिंगरीने ठणठणीत वाचलं, "क्नाइफ."

वर्ग खिदळला. बाईंचे कान तापले.

"त्यातला क बोलत नाही गं. नाइफ," मॅडम म्हणाल्या.

"मग त्याला बसवलंय कशाला?"

ओठ दाबून मॅडमनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. दारापर्यंत पोचवायला गेलेल्या बाईंना मग म्हणाल्या, "मला वाटलं घोकून घेतलं असेल. पण पोरगी वाचते. हेडबाईंना सांगते, वर्ग तुमच्याकडेच राहू दे. फक्त दोन महिन्यांनी येईन, तेव्हा ते डोक्यावर लिहिणं नको."

दोन महिने. चौतीस पोरं. बाईंनी मनात भागाकार सुरू केला, तो जुळेना.

आत दंगा माजला होता आणि हजेरी राहिलीच होती. बाईंनी हजेरीपट उघडला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिला नंबर पुकारला.