कडुनिंबाची चांदी आणि मिस्त्रींची चौकट

शेतीच्या संकटाची ती वर्षं वऱ्हाडात संशोधनाला फार अनुकूल होती. दर काही दिवसांनी एखादं पाहणी पथक यायचं, अमरावतीच्या विश्रामगृहात जेवायचं, बांधावर उभं राहून फोटो काढायचं आणि 'नवं तंत्रज्ञान काय आहे?' एवढं विचारून परत जायचं. त्यांना दाखवायला काहीतरी हवंच होतं. म्हणून अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आमच्या सरांनी नॅनो तंत्रज्ञान हाती घेतलं, आणि नॅनोला राबायला कुणीतरी हवं म्हणून मला पीएच.डी.ला घेतलं.

कृती सोपी होती. कडुनिंबाचा पाला उकळायचा, गाळायचा, त्यात चांदीचा क्षार मिसळायचा. थोड्या वेळानं पाण्याला चहासारखा रंग यायचा. रंग आला की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार झाले, आणि आता वाळवीची खैर नाही, असं सरांचं म्हणणं. प्रयोगशाळेतली वाळवी मरतही होती. फक्त औषधाच्या डबीतली मरायची तशी साध्या पाण्याच्या डबीतलीही मरायची. सर म्हणाले, "तिला अकोल्याचा उन्हाळा सोसत नाही. तुम्ही गावात प्रयोग लावा."

गाव मिळालं हिवरखेड. तिथे एका सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या आवारात वाळवी, तिकडच्या बोलीत उधई, इतकी होती, की जमिनीवर ठेवलेली फळी दुसऱ्या महिन्यात ओळखू यायची नाही. मी त्यांना चाचा म्हणायचे, त्यांच्या बायकोला चाची. आवारात मी आंब्याच्या लाकडाच्या वीस खुंट्या पुरल्या. दहा औषधात भिजवलेल्या, त्यांना लाल दोरा. दहा साध्या पाण्यातल्या, त्यांना निळा.

चाची कंबरेवर हात ठेवून पाहत होत्या. "या निळ्या दोऱ्याच्या कायले पुरल्या?"

"वाळवीनं खाव्यात म्हणून, चाची. त्या खाल्ल्या गेल्या तरच औषध खरं ठरेल."

"म्हंजे जानूनबुजून खाऊ घालून राहिली? अन् हे शिक्षन?" त्यांना ते अजिबात पटलं नाही. तुलनेचं तत्त्व मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला जेवायला वाढलं.

त्या वर्षी गावात कुणी घर बांधत नव्हतं. कपाशीनंच हात टेकले होते, तर चौकटी कोण घेणार? त्यामुळे मिस्त्रींना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी सवड मिळाली. अर्ध्या गावाची दारं त्यांच्या हातची, आणि त्यांच्या पुढच्या खोलीला मात्र पडदा. चाचींनी दाराचा विषय लग्नापासून लावून धरला होता. सागवान परवडण्यातलं नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी आंब्याचंच लाकूड घेतलं आणि चौकट करायला बसले.

ऐन पावसाळ्यात मी जाऊन लाल दोऱ्याच्या दोन खुंट्या उपटल्या. शाबूत! चिखल पुसायचंही भान राहिलं नाही. "चाचा, औषध लागू पडलं!" मी ओरडलेच. उरलेली बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमच्या चौकटीला हेच लावा. ते घाणेरडं काळं ऑइल आता विसरा." मिस्त्री चौकटीचा जमिनीत जाणारा भाग गाडीच्या जळक्या ऑइलनं माखत, सगळेच सुतार माखतात. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. इकडे सरांनी त्या दोन खुंट्यांच्या बळावर पोस्टर छापून एका पथकापुढे भाषणही ठोकलं.

हिवाळ्यात मी उरलेल्या अठरा खुंट्या काढल्या. अठराच्या अठरा शाबूत, निळ्याही. बादलीत धुवायला टाकल्या तर पाण्यावर रंगीत तवंग आला.

"ऑइल हाय ते," चाची अभिमानानं म्हणाल्या. "तू पुरून गेली अन् मी लगेच उपटून साऱ्यायलेच लावलं. लाल काय न् निळं काय, उधईनं खाल्ल्या असत्या तं तुह्या सायबानं तुले नापास केलं असतं."

मिस्त्री हातातला रंधा तसाच धरून उभे होते. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. ते घराकडे वळले, आम्ही मागोमाग. माझं औषध लावून बसवलेली चौकट नवीकोरी दिसत होती. त्यांनी खाली बसून बुडाशी अंगठा दाबला. अंगठा आत गेला. आतून भुसा आणि माती सांडली. चाचींचा अभिमान कुठल्या कुठे गेला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मला रडू येत होतं. औषध फुकट गेलंय, मी न तपासता सांगितलं, तुमचं दार मी खाल्लं, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण पोस्टर छापून झालं होतं, प्रबंध अर्धा लिहून झाला होता, आणि माझी जीभ उचलेना.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात झटकले. चाळीस वर्षांत ज्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, ते म्हणाले, "बेटा, तुह्या औषधाची चूक नाई. लाकूडच कच्चं होतं. मलेच पारख करता नाई आली."

आणि मी म्हणाले, "हो चाचा, आंब्याचं लाकूड कच्चंच असतं."