सुनंदाताई न्हाई आली?

आमच्या गाडीत दोन प्रकारच्या नोंदी होतात. एक रजिस्टरमध्ये, म्हणजे नाव, वय, बीपी, गोळ्या. दुसरी आमच्या डोक्यात. पहिली महिनाअखेर वरच्या ऑफिसला जाते. दुसरी कुणी मागत नाही, म्हणून ती साठतच जाते. आता इतकी साठली आहे की घाटात गाडी गरम होऊन थांबली की कुणी न विचारता आपोआप बाहेर पडायला लागते.

आमचं काम सोपं आहे. भोर आणि वेल्ह्याकडे दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाणाऱ्या बायका दवाखान्यात येत नाहीत, कारण दवाखान्यात आलं की दिवस बुडतो. म्हणून आम्ही दवाखाना बांधावर नेतो. गाडीत आम्ही चौघं. ड्रायव्हर नामदेवकाका, पुण्याहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या तरुण डॉक्टरबाई, मी, म्हणजे सिस्टर, आणि सुनंदा.

सुनंदाबद्दल आधीच सांगून टाकते. मी तिच्यावर जळते. लपवून काय उपयोग? मी तीन वर्षं नर्सिंग शिकले, अकरा वर्षं या गाडीत आहे. ती कामथडीची, सातवीपर्यंत शिकलेली, कालपरवापर्यंत लोकांच्या शेतात खुरपायला जाणारी. आमच्याकडे आरोग्यसेविका म्हणून लागली त्याला सात वर्षं झाली. आणि या सात वर्षांत मला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी एकदा, फक्त एकदा, आपणहून म्हणावं की मला सिस्टरलाच दाखवायचंय.

*

सुनंदा पहिल्यांदा रजेवर गेली तेव्हाची गोष्ट. तिच्या भावाच्या घरी काही कार्य होतं. मी मनात म्हटलं, चला, आज आपला दिवस. पांढरा कोट कडक इस्त्री करून घातला आणि कामथडीत टोमॅटोच्या शेतापाशी उतरले. सात-आठ बायका तोडणीला होत्या. एकजण कंबर धरून हळूहळू बांधापर्यंत आली. चेहऱ्यावरूनच कळत होतं की बरंच दुखत असणार. तिनं गाडीत डोकावून पाहिलं.

"सुनंदाताई न्हाई आली?"

म्हटलं, नाही, पण मी आहे ना. कधीपासून दुखतंय?

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता एवढं न्हाई दुखत," म्हणाली आणि कंबर धरूनच परत गेली.

*

मग बीपीचं प्रकरण. पासलीला एक हौसाबाई आहेत. साठीच्या पुढच्या, पण भातलावणीला अजून पुढच्या फळीत. मी बीपी घेतलं तर एकशे साठच्या वर. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, आणखी वाढलं! मी डॉक्टरबाईंना हाक मारणार, तेवढ्यात सुनंदा आली, हौसाबाईंच्या शेजारी फतकल मारून बसली, सुनेचं बाळंतपण कुठं केलं वगैरे चौकशी केली, आणि बोलता बोलता पट्टा गुंडाळून फुगा दाबला. एकशे अडतीस.

मशीन तेच, दंड तोच. मी म्हणाले की मशीन बिघडलंय. डॉक्टरबाईंनी माझं घेतलं, मशीन उत्तम चालत होतं. माझं मात्र वाढलेलं निघालं.

तेव्हापासून डॉक्टरबाईंचा नियम आहे की पासलीत बीपी सुनंदा घेईल. रजिस्टरमध्ये आकडे मी लिहायचे, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

*

काकड्यांचं सांगू की नको? सांगते. एकदा सुनंदा ट्रेनिंगला गेली होती आणि मी वेल्ह्याकडून परतत होते. रस्त्यात एका बाईनं हात करून गाडी थांबवली. धावत आली, पिशवी पुढे केली. मी इतकी हरखले की दार उघडायला हात पुरेना. पिशवीत काकड्या होत्या, कोवळ्या, देठाला अजून काटे असलेल्या.

"एवढं सुनंदाताईला द्या," ती म्हणाली.

भोर येईपर्यंत मी दोन खाल्ल्या. नामदेवकाकांनी आरशातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पिशवी सुनंदाला दिली तर तिनं उघडूनही पाहिलं नाही. "गोड व्हत्या का वो, सिस्टर?" एवढंच विचारलं. त्या बाईचा तिला आदल्या दिवशीच फोन येऊन गेला होता.

*

फवारणीवर माझं एक चांगलं व्याख्यान आहे. पोस्टर आहेत, रबरी हातमोजे आहेत, विष त्वचेतून कसं आत जातं त्याचं रंगीत चित्र आहे. चाळीस मिनिटं लागतात. फवारायला जाणारे गडी ते अगदी शांतपणे ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी हातानंच औषध कालवतात.

भोरजवळच्या एका गावात माझं संपल्यावर सुनंदा उभी राहिली. म्हणाली, "दादा, फवारून घरी गेलात की पोरगी पळत येऊन पायाला मिठी मारती का न्हाई? मग आधी ती कापडं बाहेर काढा. न्हाईतर ते औषध कुणाच्या तोंडात जातंय ते तुमीच बघा." आणि बसली. पुढच्या खेपेला त्या गावात न्हाणीबाहेर कपड्यांसाठी वेगळे खिळे ठोकलेले दिसले.

मीही काही कमी नाही. दुसऱ्याच आठवड्यात वेल्ह्याकडच्या एका वाडीत, जिथं सुनंदाचं पाऊल पडलं नव्हतं, मी पोस्टर गुंडाळून ठेवली आणि तेच वाक्य तशाच आवाजात म्हटलं. पोरगी, मिठी, सगळं. माणसं खरंच गप्प झाली. मला भरून आलं. तेवढ्यात मागून एक बाई शेजारणीला म्हणाली, "आमच्या सुनंदाचं हाय हे." सुनंदाची चुलतबहीण त्या वाडीत दिलेली आहे, हे मला कुणी सांगायला नको होतं?

*

पण सगळ्यात जास्त मी कशावर जळले असेन तर लावणीवर.

लावणीच्या दिवसांत बायका भाताच्या खाचरात ओळीनं वाकलेल्या असतात. प्रत्येकीची पात, म्हणजे लावत जायचा पट्टा, ठरलेली. एकीनं पात सोडली की ओळ मोडते, मालक ओरडतो आणि शेजारणीवर जास्तीचं काम पडतं. म्हणून कितीही ताप असला तरी कुणी बाहेर येत नाही. आम्ही बांधावर गाडी लावून नुसते बसून राहायचो. एके दिवशी पासलीत सुनंदानं चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरली. "जा तू तपासून ये, तुजी पात मी धरती," म्हणाली. एक बाई आली, ती परत गेली की दुसरी. दुपारपर्यंत अख्खी ओळ तपासून झाली आणि ओळ एकदाही मोडली नाही. डॉक्टरबाईंनी फोटो काढले. वरच्या ऑफिसला इतके आवडले की भिंतीवर लावले.

पुढच्या आठवड्यात सुनंदाला मीटिंगला बोलावलं होतं. मी काय करणार? मीही चपला काढल्या.

पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं. दुसरं निघेना. एकीनं रोपांची मूठ हातात दिली, मी एकेक रोप इंजेक्शन द्यावं तसं जपून, नीट आत खोल रोवत गेले. मला वाटलं छान चाललंय. मागं वळून पाहिलं तर दोन बायका माझ्या मागून न बोलता चालल्या होत्या आणि मी लावलेलं प्रत्येक रोप उपटून पुन्हा लावत होत्या. ज्यांना तपासायला पाठवलं होतं त्या हौसाबाई डॉक्टरबाईंच्या खुर्चीवरून अर्ध्यातच उठून आल्या. त्यांना राहवेना म्हणे.

शेवटी मालक, आबा, छत्री घेऊन बांधावर आले. वयस्कर माणूस, बोलणं फार अदबीचं.

"सिस्टर, तुमी सावलीला बसा. बायकांना मी सोडतो. एकेकीला सोडतो, रोजाचं पैसं कापत न्हाई, पायजे तेवढा वेळ घ्या. फकस्त तुमी खाली उतरू नका."

तेव्हापासून त्या शेतावर बायकांना तपासायला भरपगारी सुट्टी मिळते. शेजारच्या दोघा मालकांनीही तसंच सुरू केलं. त्यांनाही बहुतेक माझी भीती असावी. महिन्याच्या अहवालात डॉक्टरबाईंनी लिहिलं, 'सुनंदा यांच्या प्रयत्नांमुळे पासलीतील मालकांचे मन वळले.' ते वाक्य मीच सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं.

*

आता यंदाचं. लावणी निम्मी झाली होती. पासलीचं काम आटपून येताना दुपारी तीनच्या सुमाराला गाडी वेल्ह्यात थांबली. डॉक्टरबाई आणि नामदेवकाका चहाला उतरले. मीही उतरत होते, तर सुनंदानं माझा दंड धरला आणि गाडीचं दार आतून ओढून घेतलं.

"सिस्टर, मला जरा बघता का?"

मला वाटलं पायात काटा मोडला असेल. पण तिनं पदर बाजूला केला आणि माझी बोटं धरून डाव्या बाजूला, काखेच्या जवळ ठेवली. गाठ होती. कडक, जागची न हलणारी. कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणाली, भात काढायच्या वक्तापासून. म्हणजे सात-आठ महिने ही बाई गाठ घेऊन आमच्याबरोबर हिंडत होती आणि इतर बायकांना आपली छाती आपण कशी तपासावी ते शिकवत होती.

मी म्हटलं, डॉक्टरबाई इथंच आहेत, त्यांना का दाखवलं नाहीस?

"त्या चांगल्या हायेत. पर त्या हसून सांगत्यात, मला खरं कळायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर समदं दिसतं. मला तुमालाच दाखवायचं व्हतं."

सात वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते. ते असं यायचं होतं, हे कुणाला माहीत?

मी पुन्हा नीट तपासलं. ती माझ्या हाताकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तोंड सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला, पण नसावं जमलं. तिनं पदर घेतला.

म्हटलं, उद्याच पुण्याला जायचं. तपासण्या करायच्या. साधीही निघेल, पण आता थांबायचं नाही.

"लावणी उरकू द्या. मग बघू."

हे वाक्य बांधाबांधावर बायका तिला ऐकवतात, आणि एकीलाही तिनं ते बोलून सुटू दिलेलं नाही. आता तिला समजावणारी सुनंदा मी कुठून आणू? मी मला येतं ते सगळं सांगितलं. लवकर कळलं तर काय होतं, उशीर झाला तर काय, कुठल्या वॉर्डात जायचं, कुठली कागदपत्रं. माझ्याच कानाला ते माझं व्याख्यान वाटत होतं. ती मान हलवत होती. ज्या बायका येणार नसतात त्या तशीच मान हलवतात, हे मला अकरा वर्षांत चांगलं कळलेलं आहे.

खिडकीतून दिसलं, नामदेवकाकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला होता. डॉक्टरबाई पर्स बंद करत होत्या. अजून दोन मिनिटं, मग दार उघडणार आणि ही पुन्हा हसायला लागणार.

"सुनंदा," मी म्हणाले, "सात वर्षं मी तुझ्यावर जळतेय. रोज, सकाळी गाडीत बसल्यापासून. तुला काही झालं तर मी जळायचं कुणावर?"

तिनं माझ्याच कोटाच्या टोकानं माझे डोळे पुसले.

"ते समद्या तालुक्याला ठावं हाय, सिस्टर," ती म्हणाली. मग केस नीट केले, दार उघडलं आणि खाली उतरून नामदेवकाकांना विचारलं की भोरवरनं पुण्याला पहिली एसटी कितीला सुटते.