खेमिस्सीनं सरकवलेली रेषा

ऐन तेल्बात घर बांधायचं म्हटलं की लोक आधी खेमिस्सीकडे जायचे आणि मग गवंड्याकडे. पूर्व अल्जेरियातलं हे आमचं डोंगरउतारावरचं गाव. नगरपालिकेसमोर शिंप्याच्या दुकानावर खेमिस्सीची एक खोली होती. तिथं तो नकाशे काढायचा. मालकीचा कागद, इंजिनिअरचा शिक्का, पाण्याची आणि विजेची ना-हरकत असं सगळं फायलीत ओळीनं लावायचा आणि फाईल स्वतः खिडकीवर नेऊन द्यायचा. एकतीस वर्षांत त्याची फाईल परत आली असं फारसं कोणाला आठवत नव्हतं.

त्याची एक सवय मात्र सगळ्यांना खटकायची. कोणाच्याही घरी गेला की तो बसण्याआधी भिंतीला कान लावायचा. कॉफी येईपर्यंत तसाच उभा. बायका हसायच्या. "खेमिस्सीकाका, भिंत काय म्हणते?" असं विचारायच्या. तो म्हणायचा, "काही नाही म्हणत," आणि मग बसायचा.

ही सवय त्याला भाकऱ्या भाजून विकणारा होसीन भटारी गेला त्या फेब्रुवारीपासून लागली होती.

होसीनची जागा गावाच्या खालच्या अंगाला होती. नगरपालिकेच्या नकाशावर तिथून लाल पट्टा जायचा. पट्ट्याच्या पलीकडची जमीन घसरणीची, तिथं बांधकामाला बंदी. पट्टा होसीनच्या जागेला मधोमध कापत होता. होसीनला मागं दोन खोल्या हव्या होत्या. "होईल ना रे खेमिस्सी?" एवढंच त्यानं विचारलं होतं, तेही पिठाचे हात झटकत. खेमिस्सी म्हणाला, "होईल." आणि नकाशा काढताना त्यानं ती जागा रस्त्याकडे तीन मीटर सरकवली, म्हणजे पट्टा मागच्या खोल्यांच्या पलीकडे गेला. कागदावर तीन मीटर म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढं अंतर. जागेवर येऊन कोणी पाहिलं नाही. परवाना मिळाला.

आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. सहा वर्षांनी फेब्रुवारीत तो पाच दिवस सतत पडला आणि मागच्या दोन्ही खोल्या पहाटे खालच्या ओढ्यात कोसळल्या. होसीन आणि त्याची बायको आत होते. सकाळी सगळं गाव ढिगाऱ्यावर जमलं. त्यात खेमिस्सीही फावडं घेऊन होता. खालून कोणीतरी ठोकत होतं. तीन ठोके, थांबून परत तीन. भाकरी भाजली का हे बघायला होसीन तिची पाठ बोटाच्या पेरांनी अशीच वाजवायचा. खेमिस्सीनं ते ओळखलं, पण बोलला नाही. दुपारच्या नमाजानंतर ठोके थांबले. चौकशी झाली आणि दोष पावसावर गेला.

त्यानंतर नगरपालिकेच्या खिडकीवर शिक्क्यांचे ठोके पडायला लागले की खेमिस्सी तिथं थांबायचा नाही. फाईल ठेवून तो जिन्यात जाऊन उभा राहायचा आणि शिक्के मारून झाले की परत यायचा.

अकरा वर्षं अशीच गेली. मग एक दिवस होसीनची मुलगी नुवारा त्याच्या खोलीचा जिना चढून आली. लग्न होऊन ती अन्नाबाला, किनाऱ्यावरच्या शहरात, गेली होती. आता नवरा वारला होता आणि तिला गावी परत यायचं होतं.

"बाबांच्या जागेवर घर बांधायचंय, काका. नकाशा तुम्हीच काढा. बाबा म्हणायचे, खेमिस्सीच्या हातचा कागद म्हणजे काळजी नाही."

खेमिस्सीनं टेबलावरची पट्टी उचलून परत ठेवली. "वारसाचा दाखला आण," म्हणाला.

ती दाखला घेऊन आली. मग त्यानं भावाची संमती मागितली. तीही तिनं आणली. मग तो म्हणाला, मोजणीचा कागद जुना झालाय. तिसऱ्या खेपेला ती खुर्चीवर बसलीच नाही.

"काका, मी काय खुळी आहे का? गावच्या फायली तुम्ही आठवड्यात लावता आणि माझीच दोन महिने अडते. काढायचा नसेल तर तसं तोंडावर सांगा."

मग त्यानं खुंटीवरचा कोट काढला. "चल, जागेवर जाऊ."

जागेवर नुसतं गवत माजलं होतं. त्यानं रस्त्याच्या दगडापासून टेप धरला, मोजत मोजत खाली गेला आणि एका ठिकाणी टाच रोवली. "लाल पट्टा इथं आहे. मी तो तिथं दाखवला." त्यानं ओढ्याकडे बोट केलं. "मागच्या खोल्यांना परवाना मिळायलाच नको होता, नुवारा."

तिनं टेपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाबांना माहीत होतं?"

हो म्हणणं फार सोपं होतं. होसीन काही उठून नाही म्हणायला येणार नव्हता. खेमिस्सीच्या ओठावर तो शब्द आलाही होता.

"नाही," तो म्हणाला. "त्यानं फक्त होईल ना विचारलं. दुपारपर्यंत ठोकत होता तो. मी वर उभा होतो."

नुवाराचा चेहरा बदलला. "आम्हाला सांगितलं की दोघं झोपेतच गेले."

मग ती ओढ्याच्या कडेपर्यंत चालत गेली. तिकडे तोंड करून ती उभी राहिली, तोवर खेमिस्सीनं टेप गुंडाळला. परत आली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

"नकाशा काढा. खरा. माझ्या नावानं फाईल द्या. मला नकार हवाय, शिक्क्याचा. नाहीतर माझा भाऊ ही जागा कोणालातरी विकेल आणि विकत घेणारा इथं बायकापोरांसह राहील. आणि यानंतर मला भेटू नका."

खेमिस्सीनं नकाशा काढला. सोबत जुन्या नकाशाबद्दल स्वतःच्या अक्षरात एक पानही जोडलं. खिडकीवरचा कारकून ते वाचून म्हणाला, "काका, हे पान काढून घ्या. मी पाहिलंच नाही असं समजतो."

"लाव तसंच," खेमिस्सी म्हणाला. त्या दिवशी तो जिन्यात गेला नाही. फाईल घेतल्याचा शिक्का पडेपर्यंत तिथंच उभा राहिला.

चाळीस दिवसांनी नकार आला. त्यानंतर नगरपालिकेनं खेमिस्सीच्या फायली घेणं बंद केलं. पोलिसांनी दोनदा बोलावून जबाब घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ते अजून तिथंच आहे. नुवारा अन्नाबाला परत गेली.

गावात मात्र बातमी पसरली आणि ज्यांच्या घरांचे नकाशे त्यानं काढले होते ते लोक येऊ लागले. आत न येता दारातूनच विचारायचे, "आमचं?" तो टेप घेऊन त्यांच्यासोबत जायचा. बहुतेकांचं ठीक होतं. तीन घरांचं नव्हतं. दोघांनी शिव्या दिल्या आणि घर सोडलं.

तिसरं घर यमिना म्हातारीचं. लाल पट्टा तिच्या स्वयंपाकघरातून जातो. "या वयात कुठं जाऊ?" ती म्हणाली. "तुझ्या खोलीवर येऊ?"

"या," तो म्हणाला. ती हसली आणि गेली नाही.

तिच्या भिंतीत एक भेग आहे. खेमिस्सीनं त्या भेगेवर प्लास्टरची पट्टी लिंपून तारीख घातली आहे. पट्टी तडकली तर भिंत हलली असं समजायचं. दर गुरुवारी तो येऊन पाहतो. यमिना संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेली कॉफी पुढं ठेवते आणि आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत बसते. तो हो हो म्हणतो, पण नजर भिंतीवरच असते. हा पावसाळा पट्टी टिकली. पुढचा यायचा आहे.